खडीवरची हवा

“खडी काय बोलते ते चाकानं ऐकावं, दुधानं न्हाई,” असं वसराम राठोड एकदा म्हणाला होता.

तेव्हा ऐकायला फक्त त्याची धाकटी लेक निता होती. तिनं सायकलीचं हँडल धरलं होतं आणि तो मागच्या चाकापाशी उकिडवा बसून हवा सोडत होता. हवा बारीक आवाज करत बाहेर पडत होती. त्यानं टायरवर अंगठा दाबला आणि तोंड वाकडं केलं. जास्त गेली होती. मग पंप काढून थोडी भरली, पुन्हा अंगठा दाबला, पुन्हा तोंड वाकडं. निताला शाळेला उशीर होत होता. “बा, पुरे की आता,” ती वैतागून म्हणाली, तेव्हा तो हे वाक्य बोलला. तिला ते कळलं नाही. पुढं कळलं, पण तोवर ते कुणाला समजावून सांगण्यात अर्थ उरला नव्हता.

वसराम तांड्याचं दूध डेअरीला नेत असे. औंढ्याच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा तांडा. घरोघर म्हशी, पण डेअरी दूर, मोठ्या सडकेच्या फाट्यावर. सकाळी तो दारोदार फिरून दूध गोळा करी, कॅरिअरच्या दोन्ही अंगांना अॅल्युमिनियमचे कॅन लटकावी, दूध डचमळू नये म्हणून त्यात ज्वारीची धुतलेली धाटं सोडी आणि निघे. ऐन जवानीपासून तो हेच करत आला होता. दुसरं काम त्याला येत नव्हतं असं नाही. दुसरं काम त्याला काम वाटत नव्हतं.

आणि त्याला एक खोड होती. तो हवेवर जगत असे. तांड्यातून निघाल्यावर आधी काळ्या रानातली गाडीवाट, मग कच्चा रस्ता, मग फाट्याजवळ डांबर, आणि प्रत्येक ठिकाणी तो उतरून चाकातली हवा बदली. सायकलीच्या नळीला ट्यूबच्या पट्टीनं बांधलेला पंप कायम बरोबर. डांबरावर चाक कवठासारखं टणक पाहिजे, गाडीवाटेवर पिकल्या पेरूसारखं, असं तो सांगे. वैशाखात डांबर तापलं की कवठही थोडं ढिलं करायचं, नाहीतर हवा फुगून ट्यूब फुटते. मागच्या चाकावर दुधाचं वजन, म्हणून मागं थोडी जास्त. हे सगळं तो अंगठ्यानं ठरवी. त्या अंगठ्याचं पेर चपटं झालं होतं, आणि घरात भाकरी थापताना गोजरबाई, त्याची बायको, म्हणे, “ह्या माणसानं माझ्या गालाला कधी एवढ्या बारकाईनं हात न्हाई लावला.”

पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हिंडलेल्या लोकांत जन्मलेला माणूस तो. त्याच्या आज्याला म्हणे बैलाच्या चालीवरून कळायचं की गोणी कोणत्या बाजूला टोचतेय. वसरामच्या वाट्याला बैल आला नाही, सायकल आली. पण बैलाच्या टोचणीची कीव लोकांना येत असे. सायकलीच्या हवेची कुणाला येणार?

खरा त्रास खडीनं सुरू झाला.

हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्या साली रस्त्याचं काम निघालं. कच्च्या रस्त्यावर खडीचे ढीग पडले, रोलर आला, लेकरं त्याच्या मागं धावली. खडी पसरून झाली. पुढच्या महिन्यात डांबर, असं मुकादम म्हणाला. पुढच्या महिन्यात मुकादमच आला नाही. रोलर बाभळीखाली उभा राहिला, मग एके दिवशी तोही गेला. पहिल्याच पावसाळ्यात खडीतला बारीक चुरा वाहून गेला आणि दगड धारा वर करून उभे राहिले. माणसं कडेनं, रानातनं पायवाट काढून चालू लागली. बैलगाड्या जुन्या वाटेनं वळल्या. वसरामला वळता येत नव्हतं, रानातल्या नाल्यात कॅन घेऊन उतरणार कसा? तो रोज त्या दगडांवरून जात राहिला.

आणि दुधाचं फॅट उतरलं.

डेअरीच्या विश्वंभरनं झाकण काढलं की झाकणाच्या आतून लोण्याचे कण चिकटलेले असत. धाटांनाही लोणी. दूध वाटेतच घुसळून निघत होतं. म्हशीनं दिलेलं रस्ता काढून घेत होता. वसरामनं अंगठा लावून पाहिला, विचार केला, हवा कमी केली. फार कमी झाली तर दगड थेट रिमपर्यंत पोचे आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडत. जास्त झाली तर दुधाचं ताक. मधली जागा फार अरुंद. कवठ आणि पेरू यांच्या मधलं काहीतरी, ज्याच्या जोडीचं फळ त्याला कधी सापडलं नाही. बरेच दिवस तो सांगायला बसे, “खडीवर कसं पाहिजे, तर...” आणि थांबे. हात हवेत तसाच राही. मग चिडे.

त्यानं ती जागा शोधली, असं तो म्हणे. फॅट पुन्हा चढलं, असंही तो म्हणे. काही दिवस खरंच चढलं. काही दिवस चढलं नाही. ऊन होतं, म्हशींचा चारा होता, दुधात किती धाटं पडली हे होतं. निताला पुढं कधी कधी वाटे की बाच्या हवेचा गुण किती आणि बाच्या हट्टाचा किती हे कुणालाच सांगता येणार नाही. पण तिनं त्याला खडीवरून जाताना पाहिलं होतं. इतर सायकली त्या रस्त्यावर पत्र्याच्या डब्यासारख्या खडखडत. बाची सायकल नुसती डुलत जाई.

तिला ते रोज पाहायला मिळे, कारण तिचं लग्न झालं ते त्याच रस्त्यावरच्या तांड्यात. गाडीवाट संपून खडी सुरू होते, तिथं पहिलंच घर तिच्या सासरचं. नवरा संतोष ऊसतोडीला जाई, उरलेले महिने घरी. सासू रुख्मिणीबाई विधवा, तोंडानं फटकळ, मनानं मोठी. वसराम त्या दारावरून रोज जाई आणि कधी थांबत नसे; खडीची हवासुद्धा तो अलीकडं, गाडीवाटेवरच करून घेई. दिल्या लेकीच्या घरी बापानं रोज रोज टेकू नये, तिथलं पाणीही पिऊ नये, हे त्याचं जुनं. तो फक्त घंटी वाजवी. दोनदा. चुलीपाशी बसलेल्या निताला कळे, बा गेला. तेवढंच तिचं माहेर.

रुख्मिणीबाईला मात्र ते लागे.

“तुझ्या बापाला आमचं दार काय विटाळाचं हाय का?” ती म्हणे. “इवाई हाय का पोस्टमन? घंटी वाजविते अन् जाते!”

“त्यांचं तसंच हाय जुनं,” निता म्हणे.

“जुनं मला नको सांगू. जुनं मला तुझ्या बापापेक्षा जास्ती म्हाईत हाय. आमच्या आजेसासऱ्याच्या तांड्यात पाहुण्याच्या बैलाला पेंड घातल्याबिगर वेशीबाहेर सोडत नव्हते. पाहुणा उपाशी गेला तं चालन, बैल उपाशी गेला तं तांड्याची आबरू जाते. तुझा बाप बैलच थांबू देत न्हाई, मी घालू कुणाला?”

निता हसे. एवढं वर्षानुवर्षं चाललं.

भांडण पेटलं ते तिच्या माहेरच्या तांड्यात, आणि तिला कळलं ते आईकडून. गोजरबाई औंढ्याच्या बाजाराला जाताना, सासू रानात गेली असताना, लेकीकडं डोकावली आणि ओट्यावर बसून रडकुंडीला येऊन सांगू लागली.

झालं असं होतं. उन्हाळा कडक. वसराम हवेपायी वाटेत थांबत थांबत जाई, डेअरीवर सगळ्यांत शेवटी पोचे. एक-दोनदा दूध नासलं आणि विश्वंभरनं सगळ्या तांड्याचं परत पाठवलं. तांड्याचा नाईक हिरासिंग. त्याच्या म्हशी सगळ्यांत जास्त. त्यानं वसरामला चारचौघांत बोलावलं.

“वसराम, दूध नेऊन राहिला का बाळंतीण?” नाईकानं विचारलं. सगळे हसले. “दर फर्लांगाला उतरायचं, अंगठा लावायचा, टुकटुक बघायचं! फुलसिंग म्हणते, मी टैट हवा भरून एका दमात पोचवितो.”

“पोचवील ना. ताक पोचवील.”

“अन् तू काय तूप पोचविते का? फॅट तं तुझं बी पडून राहिलं.”

“ते रस्त्यानं पडून राहिलं नाईक. डांबर टाकायला सांगा ना कुणाला. दगड टाकून गेले, किती वरीस झाले!”

“मी काय खिशात डांबर घेऊन फिरतो?”

पुन्हा हसले. फुलसिंग, नाईकाचा भाचा, नवी सायकल घेतलेला धडधाकट गडी, पाठीमागून म्हणाला, “मामा, ह्यांच्या हवेचं औषध डॉक्टरला इचारा.”

हसणं सहन झालं असतं. पण वसरामला त्या दिवशी कुणी उलट विचारलंच नाही की बाबा, तुला असं का वाटतं. एवढी वर्षं त्याच्या हातानं तांड्याचं दूध गेलं, आणि कुणाला त्या हातातलं काही ऐकायचंच नव्हतं. तो उभा राहिला आणि ज्याची काही गरज नव्हती ते बोलला.

“करा परीक्षा. एकाच भांड्यातलं दूध दोन कॅनमंदी घाला. एक टैट हवेच्या सायकलीवर, एक माझ्या. फरक न्हाई पडला तं मी कॅनला पुन्हा हात लावणार न्हाई. फुलसिंगनं न्यावं.”

नाईक म्हणाला, “पण तुझी सायकल तू न्हाई चालवायची. तू चालवलीस तं हाताचा गुण म्हणशील. हवेचा बघायचा ना? मग गडी बराबरीचे पाहिजेत. तुझी फुलसिंग चालवील, टैट माझा पोरगा उत्तम चालवील. तू माझ्यासंगं गाडीवर डेअरीत बस.”

“चालते,” वसराम म्हणाला.

“चालते म्हणले,” गोजरबाई लेकीला सांगत होती. “फुलसिंगच्या हातात दिली सायकल! ज्याला ह्यांचा कॅन पाहिजे त्याच्याच! मी म्हणलं, अक्कल कुठं गेली? तं म्हणते, खडीच्या बेताची हवा मी भरून देणार, चालवू दे कुणाबी. हवेला माणूस कळत न्हाई म्हणते.” तिनं पदरानं नाक पुसलं. “कॅन गेला तं हा माणूस करीन काय गं? घरात बसून माझे गाल दाबीन का?”

दोघी हसल्या, आणि मग कुणीच हसलं नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी निता लवकर उठली. नाईकाच्या उत्तमची सायकल खडखडत गेली, तिनं पाहिली. दोघांनी एकमेकांच्या धुळीत अडकू नये म्हणून फुलसिंग मागून निघणार होता. तेवढ्यात घरातलं पाणी संपलं. हापशावर गर्दी नव्हती, लगेच येऊ असं वाटलं. पण हापसा त्या दिवसांत खोल गेलेला, दांडा मारता मारता हात भरून येत. ती दोन घागरी घेऊन परतली तेव्हा दारात रुख्मिणीबाई पंपाची नळी गुंडाळत उभी होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला, कपाळ घामानं भिजलेलं आणि चेहरा सण असल्यासारखा.

“सासूबाई, पंप काहून काढला?”

“तुझ्या बापाची सायकल आली ना! मी वळखली लांबूनच, घंटीला हिरवी चिंधी हाय ती. वर दुसराच गडी बसलेला. म्हणलं इवाई थांबत न्हाई तं न्हाई, सायकल तं थांबन! रस्त्यात आडवी झाले. उतर म्हणलं. त्यो म्हणते, मावशी, थांबू नको म्हणून सांगितलंय. म्हणलं, ह्या दारावरून चहा न पिता जाऊन दाव. बसला मग. अन् चाकं पाहते तं काय! खपाटीला गेलेली पोटं! उपाशी बैलावाणी. त्यो चहा पिऊन राहिला तवर मीच भरली. संतोषचा पंप, अन् माझे हात. दोन्ही चाकं. दगड केले बघ दगड.”

निताच्या डोक्यावरची घागर कलंडली आणि अर्धं पाणी तिच्या पाठीवरून वाहिलं. तिनं घागरी टेकवल्या आणि रस्त्याकडं धावली. रस्त्यावर काही नव्हतं. पार दूर, खडीवर, धुळीचा बारीक लोट, आणि त्या लोटातून येणारा आवाज. डबा खडखडल्याचा आवाज. बाच्या सायकलीतून तिनं तो कधी ऐकला नव्हता.

“काय झालं गं?” सासूनं विचारलं.

काय सांगणार? ही बाई पाहुण्याच्या बैलाला पेंड घालायला इतकी वर्षं टपून बसली होती. आज तिनं घातली. पोटभर घातली. निता पदर पिळत म्हणाली, “काही न्हाई. पाय घसरला.”

डेअरीत काय झालं ते तिला दुपारपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. विश्वंभरनं दोन्ही कॅन शेजारी ठेवले. दोन्ही झाकणांना सारखंच लोणी. फॅट मोजायच्या दोन्ही नळ्यांत सारखंच फॅट, दोन्हीकडं पडलेलं. विश्वंभर म्हणाला, “कुठलं कुणाचं हे मलाच सांगता येईना.” वसराम सायकलीकडं गेला आणि चाकावर अंगठा दाबला. अंगठा दबला नाही. मग तो एवढ्यानं ओरडला की तराजूपाशी उभी असलेली माणसं मागं सरली.

“हवा कुणी भरली?”

“मी न्हाई,” फुलसिंग म्हणाला. “सेवालाल महाराजाची आन, मी पंपाला हात लावला न्हाई.”

“मग ही हवा रस्त्यानं भरली का?”

“उन्हानं फुगली असंल,” कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

“कुठं थांबला व्हतास?”

फुलसिंग नाईकाकडं बघू लागला. थांबू नको म्हणून नाईकानंच बजावलं होतं. “कुठं थांबू? एका दमात आलो.”

नाईक वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, “वसराम, आन घेतली गड्यानं. तुझ्याकडं कोण हाय? कुणी भरताना पाहिलं असंल तं माणूस आण, सगळ्यांपुढं उभा कर. मी पुन्हा परीक्षा घेतो, जबान हाय माझी. न्हाई तं उद्याचं दूध फुलसिंग नेईल. तूच बोललास ते.”

दुपारी उन्हात रस्ता पांढरा झाला होता. निता दारात बसून गहू पाखडत होती, पण सूप बराच वेळ तिच्या मांडीवर तसंच पडून होतं. आधी तिला घंटीची हिरवी चिंधी दिसली, मग बा. तो सायकल हातात धरून पायी येत होता. एवढी खडी तुडवत तो चालत आला होता, सायकलीवर बसला नव्हता. का ते तिला लगेच कळलं. चाकातली हवा जशीच्या तशी राहायला पाहिजे होती. तेवढाच पुरावा त्याच्याजवळ उरलेला. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला तो विचारत आला असणार.

या दारापाशी आल्यावर तो पुढं जाईल, घंटी वाजवील, असं तिला सवयीनं वाटलं. तो थांबला. सायकल भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि खाली वाकून आत आला. तिच्या लग्नापासून पहिल्यांदा.

“बा,” ती म्हणाली. सूप बाजूला ठेवून ती उठली.

रुख्मिणीबाई आतून लगबगीनं आली. डोक्यावर पदर घेत, बाजेवर सतरंजी टाकत, बोलत. “या, या. आज सूर्व्या कुठून उगवला? निते, पाणी आण. बसा इवाई. सायकलीनं वाट दावली वाटतं तुमाला!”

वसराम बाजेच्या कडेवर बसला. निताचं लक्ष त्याच्या हाताकडं गेलं. अंगठा तो दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून बसला होता, ठेचलेला असावा तसा. तिनं तांब्या पुढं केला. त्यानं नेहमीच्या बेतानं नको म्हणायला पाहिजे होतं. त्यानं घेतला, आणि तांब्या हातात धरूनच विचारलं, “इहीणबाई, एक इचारायचं होतं. सकाळी फुलसिंग माझी सायकल घेऊन गेला. कुठं थांबला का, कुणी पाहिलं का? तुमी न्हाई तं शेजारी कुणी?”

“काहून?”

“कुणीतरी हवा भरली चाकात. मला त्यो माणूस पाहिजे.”

निता दारचौकटीला पाठ लावून उभी होती. तिला वाटलं, आता ओरडावं, तांब्या पडावा, काहीतरी व्हावं. सासू हसली.

“त्याच्यासाठी एवढ्या उन्हात आलात? मीच ना! मी भरली. त्यो काय थांबत व्हता का, पण मी थांबवला. तुमच्या दारची सायकल माझ्या दारावरून तशी जाऊ देईन व्हय? खपाटीला गेलेली! लोक काय म्हणतील, इवायाची सायकल उपाशी गेली म्हणून?” ती क्षणभर थांबली, आणि जरा लाजून म्हणाली, “तुमी कधी थांबत न्हाई. मग आज घेतली करून हौस. काय काम व्हतं म्हणे डेअरीत मोठं? झालं ना बराबर?”

बाहेर एक कोंबडी सायकलीच्या सावलीत मातीत पाय घासत होती.

निताला सगळं एकदम, उघडं दिसलं. बाला हवा होता तो माणूस मिळाला होता. पंपाला हात कुणी लावला ते सांगणारा, शपथेची गरज नसलेला माणूस. उद्या सकाळी नाईकाच्या ओट्यापुढं तिला नेऊन उभं केलं की झालं. फुलसिंगचं खोटं उघडं पडेल, परीक्षा पुन्हा होईल, नाईकानं जबान दिली होती. आणि रुख्मिणीबाई, डोक्यावर पदर घेऊन, दुसऱ्या तांड्याच्या चारचौघांत, जिथं तिला कोणी ओळखत नव्हतं, तिथं सांगेल की होय, मी भरली. कुणीतरी हसेल. कुणीतरी हसतंच. मग ती परत या घरी येईल. आणि या घरात निता राहत होती.

सगळं बाच्या जिभेवर होतं. एक वाक्य. ‘इहीणबाई, उद्या माझ्यासंगं चला,’ एवढंच. ते सरळ होतं, खरं होतं, आणि बाचं होतं.

“बा,” निता पुन्हा म्हणाली. सांग, असं तिला म्हणायचं होतं. नको सांगू, असंही.

वसरामनं तिच्याकडं पाहिलं. चिडलेला माणूस पाहतो तसं नाही, आणि माया असलेला पाहतो तसंही नाही. फळ न सापडलेल्या वेळी तो थांबायचा, हात हवेत धरून, तसा तो थांबला. मग त्यानं तांब्या तोंडाला लावला. लेकीच्या घरचं पाणी तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि तांब्या जमिनीवर ठेवून अंगठा पुन्हा मुठीत धरला.

“बसा ना, चहा ठेविते,” रुख्मिणीबाई चुलीकडं वळत म्हणाली. “आज पहिल्यांदा आलात. अन् काय इचारत व्हतात हवेचं? ढिली झाली का पुन्हा? पंप इथंच हाय, भरून देऊ का?”

वसराम उठला. मुठीतला अंगठा सोडला. खाली वाकून, चौकटीला डोकं न लागू देता, तो ते एक वाक्य न बोलताच बाहेर पडला.